दगड मुरतो तेव्हा

समुद्र सहाशे पावलांवर,
तरी मी त्याला कॅनमध्ये भरून
दोन जिने चढवतो
रत्नागिरीत, डॉक्टर मुकादमांच्या दवाखान्यात,
जिथे गालावर हात धरून बसलेली माणसं
काचेतल्या माशांकडे बघत
आपला नंबर येऊ नये म्हणून थांबलेली असतात.

पहिल्या खेपेला वाळू सात पाण्यांनी धुतली होती.
काच अशी, की माशी आपटावी.
नवव्या दिवशी चारही मासे आडवे.
"एवढं स्वच्छ ठेवून?" डॉक्टर म्हणाले.
मलाही तेच विचारायचं होतं,
पण टाकीवाला मी होतो.

विसू भाटकर जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला,
"मेल्या, मासे हगतात.
तुझ्या त्या काचमहालात उचलतं कोण?"

समुद्रातला खडक फोडायचा नाही,
प्रवाळाला तर बोटही लावायचं नाही.
म्हणून आम्ही दगड केले:
सिमेंट, कालवांच्या शिंपांचा चुरा,
आणि भरपूर जाडं मीठ.
मीठ नंतर विरघळून गेलं,
भोकं तेवढी ठेवून गेलं.
भोकांसाठीच सगळा खटाटोप.

चुन्याचा कडवटपणा जाईपर्यंत गोड्या पाण्यात,
मग दसऱ्याला, विसूच्या तराफ्याखाली,
नायलॉनच्या दोरीला एकेक.
मृगाआधी वर ओढले तेव्हा
ओळखू येईनात.
गुलाबी पापुद्रा, पिवळट स्पंज,
केसाएवढे किडे,
एका नांगीचा एक खेकडा,
आणि वास.

दवाखान्यामागे पिंपात ठेवले.
लोणचं मुरतं तसा दगड मुरतो,
फक्त झाकण उघडून बघायची हौस कोणाला नसते.
काउंटरवरची शाहीन ओढणी नाकाला लावून विचारायची,
"अजून मेलं नाही का ते?"
मेलेलं सडत होतं,
त्या सडण्यावर दुसरं कोणी जगायला शिकत होतं,
दिसणार नाही इतकं बारीक.

मी रोज काचेच्या नळीत थेंब मोजायचो.
अमोनिया हिरवा. आणखी हिरवा.
तो उतरला, तर नायट्राईट जांभळं,
पिकल्या करवंदाच्या रसासारखं.
एकेचाळिसाव्या दिवशी
पहिली नळी पिवळी, दुसरी आभाळी.
पिंपाला नाक लावलं:
नुसता ओहोटीचा वास.
शाहीनला बोलावलं. ती आली नाही.

आता स्किमरच्या पेल्यात
चहाच्या गाळासारखा फेस जमतो,
तो मी मोरीत ओततो.
बाकीचं दगड बघतो.

वादळाच्या रात्री वीज गेली, चौदा तास.
पंप गप्प.
मेणबत्तीशी स्टूल ओढून बसलो,
मग भरायचा, उंचावरून ओतायचा,
भरायचा, ओतायचा.
पहाटे कधीतरी दंडात गोळा आला
आणि दगडाच्या फटीतून
ती एकच नांगी बाहेर आली,
काहीतरी उचललं,
आत गेली.

परवा विसू स्वतः आला, दाढ घेऊन.
टाकीसमोर उकिडवा बसला, खुर्च्या रिकाम्या असून.
आपला तिसरा दगड त्याने दोरीच्या व्रणावरून ओळखला.
आतून डॉक्टर म्हणाले, भोक पडलंय, बुजवावं लागेल.
विसूने माझ्याकडे बघितलं.
"ह्यांका सांग," तो कुजबुजला,
"जरा थांबा म्हणावं.
खेकडो अजून दिसलो नाय."