बारा पॉइंट चार

हर्नियाचं ऑपरेशन होतं, बाकी काही नव्हतं.
बीम उचलताना कधीतरी जांघेत चरकलं होतं, तेवढंच.
सिव्हिलच्या खिडकीतून बाईनं कागद सरकवला
आणि हात मागं घेतला, जरा लवकरच.
बी पॉझिटिव्ह.
मी म्हटलं, हो, माझं रक्त बी पॉझिटिव्हच आहे.
ती म्हणाली, तो बी नाही.

कावीळ मला कधी झालीच नव्हती.
डोळे पांढरे, भूक चांगली,
कडक भाकरी आणि शेंगाचटणी रोज पचत होती.
डॉक्टर पोरगीच होती, ममदापुरे आडनावाची.
म्हणाली, काका, यकृताला आतून दुखतच नाही.
मला आमच्या खात्यातला मल्लेशम आठवला.
पंचवीस वर्षं एक खाडा नाही,
आणि एका गुरुवारी मागाला टेकून बसला तो बसलाच.

बरगड्यांत गार जेली. मशीन ठोठावतं,
टक. टक. दहा वेळा,
घरात कुणी आहे का विचारावं तसं.
पडद्यावर बारा पॉइंट चार.
चांगल्या माणसाचं पाचाच्या आसपास, ती म्हणाली.
कापड असतं तर चिमटीत धरूनच सांगितलं असतं मी.

तीस वर्षं चादरीवर, जेकार्ड, अक्कलकोट रोड.
हे कळल्यावर तिनं वही मिटली.
विषाणू तिथं राहतो, काका. रोज थोडं उसवतं,
रोज थोडं शिवलं जातं. पण शिवायचा दोरा राठ.
म्हणजे रफू, मी म्हटलं.
रफूवर रफू, ती म्हणाली,
मग रक्ताला वाट सापडत नाही,
मऊ कापडाच्या गाठी होतात.
तुमचं अजून दारात आहे.

आई आहे का?
नाही.

अम्मा विड्या वळायची.
पोट वाढत गेलं तसं तिचं सूप गुडघ्यांकडं सरकत गेलं.
चव्वेचाळिसाव्या वर्षी परत दिवस गेले म्हणून
गल्लीतल्या बाया हसल्या. ती पण हसली.
पोटात पाणी होतं.
कुणीतरी चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुतले,
पाणी पिवळं झालं, उतरली म्हणाले.
पुढच्या गड्ड्याला ती नव्हती.

जन्मतानाच आलं असेल, डॉक्टर म्हणाली. बहुतेक.
अम्माचा एकच फोटो आहे, तोही रेशनकार्डाचा.
तिचं आणखी काही माझ्याजवळ आहे
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

घरी आम्ही तेलुगूत कालेयम् म्हणतो.
मराठीत काळीज म्हणावं तर ते भलतीकडंच धडधडतं.
खाटीक म्हणतो कलेजी. त्याचंच खरं.

भिवंडीला अक्काला फोन लावला.
बोलू नको कुणापुढं, ती म्हणाली,
सरोजाचे दिवस भरलेत.
म्हणूनच बोलतोय, म्हटलं.
ती ठेवून दिली फोन. मी परत लावला. परत ठेवला.
चौथ्यांदा सरोजानंच उचलला.

दोघींचं निघालं.
बाळ पहाटे झालं, मुलगी.
सूर्य वर यायच्या आत दोन मांड्यांत दोन सुया.
फोनवर नुसतं रडणं ऐकू आलं,
इकडं पाळी सुटायचा भोंगा झाला,
मी कारखान्याच्या गेटात उभा, एका कानात बोट घालून.

गोळी रात्री एक, रोज.
तो मरत नाही म्हणे, गप्प राहतो.
परवा परत दहा वेळा ठोठावलं. नऊ पॉइंट आठ.

घरात माझा पेला वेगळा झाला होता,
व्यं. इराबत्ती कोरलेला, लग्नातला.
पेल्यानं काही होत नाही, हे डॉक्टरनं
अनसूयेला समोर बसवून सांगितलं. ती मान हलवून आली.
पेला कोपऱ्यातच राहिला.

काल दुपारी चव्वेचाळीस डिग्री.
ती बाजारातून आली, माठावर जो होता तो उचलला,
गटागट प्याली,
मग नाव वाचलं.

थोडा वेळ हातात धरून उभी होती.
मग परत भरला.