खाडीचं तोंड

मे महिन्यातला दुसरा गुरुवार. दापोलीला प्रशिक्षण.
सभागृहातला पंखा नुसताच कुरकुरत होता,
मी मागच्या रांगेत, बशीतला वडा संपवत, पाय लांब करून.
एकतीस वर्षं हर्णैच्या बंदरावर दवाखाना चालवतोय,
मला काय नवीन सांगणार.

पुढे उभी होती तस्नीम परकार, उपकेंद्राची सिस्टर,
माझ्या धाकटीहून लहान.
म्हणाली, गेल्या वर्षीची फ्लूची लस यंदा धरू नका,
विषाणू कपडे बदलून येतो.
आणि चारांतला एक तर करोनाच्या सालापासून
जगात कुणाला सापडलेलाच नाही,
म्हणून त्याचं नाव यादीतून गेलंय.

मी वहीत लिहिलं: चारऐवजी तीन.
मग खोडलं.
मग बाजूच्या डॉक्टरांच्या वहीत डोकावून
पुन्हा लिहिलं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून
मला हिराजी तांडेल आठवत राहिला.
पावसाळा सरला की अंजर्ल्याच्या खाडीत
तो एकटाच होडी घालतो, हातात लांब बांबू,
थांबत थांबत तळ चाचपतो.
वाळूचा दांडा कुठे सरकलाय ते बघतो.
चाळीस वर्षांची वाट, तरी दर वर्षी.
एकदा मी हसलो होतो,
तुला तर डोळे मिटूनही बोट आत घेता येईल.
त्यानं बांबूनंच दाखवलं होतं,
वाळूतून वर आलेलं एक मोडकं डोलकाठीचं टोक:
डोलं मिटल्याला ती बगा, तितं हाय.

घरी आलो. चपला न काढताच
तपासणीच्या खोलीतला तक्ता उतरवला.
कुठल्याशा औषध कंपनीनं दिलेला, सतरा वर्षांपूर्वीचा,
गुटगुटीत बाळाचं चित्र, कोपऱ्यांना वाळवी.
मागे भिंतीचा जुना रंग निघाला, पोपटी,
मला वाटायचं आपली भिंत पांढरीच आहे.

फ्रीजही उघडला.
दाराच्या कप्प्यात लसी, त्यांना टेकून कोकमाच्या आगळाची बाटली.
दाराच्या कप्प्यात कधीच नाही, तस्नीम दोनदा म्हणाली होती,
दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.
ज्या गावात पोरंटोरंही सांगतील
सुरमईला बर्फ किती आणि कोळंबीला किती,
त्या गावचा डॉक्टर मी.

आणि चांगुणा पावसे.
गेल्या जुलैत आली होती, अंग तापलेलं, साखर वाढलेली.
वारं बाधलंय म्हणालो,
अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या दिल्या, वर एक ताकदीची.
चौथ्या दिवशी दापोलीला न्यावी लागली,
नऊ दिवस नाकाला नळी.
सुटून आल्यावर तिनं मला पापलेटांची जोडी पाठवली.
ती मी खाल्ली.
याच्याबद्दल प्रशिक्षणात कुणी काही विचारलं नाही.

शनिवारी लिलाव उरकल्यावर मीच गेलो तिच्याकडे.
रिकाम्या टोपल्या उपड्या घालून बायका बसलेल्या.
समजावून सांगितलं, वय, साखर, पावसाळ्याच्या आधी टोचलेली बरी,
ताप येणारच नाही असं नाही,
पण नळीपर्यंत जायची पाळी बहुधा टळेल.
सगळं ऐकून घेतलं तिनं.
मग हातातला कोयता बाजूला ठेवून विचारलं,
तुमी सोता टोचून घेतलाव काय?

बंदरावर एवढा गलका, तरी तेवढ्यात कुणी बोललं नाही.
एकतीस वर्षांत एकदाही नाही.
रोज तीस-चाळीस खोकले तोंडावर घेऊन
त्याच तोंडानं पुढच्या माणसाला आ करा म्हणत आलोय.

उपकेंद्रात तस्नीमनं रजिस्टर पुढे ओढलं,
नाव, वय, व्यवसाय.
व्यवसायाशी ती जराशी थांबली, हसली नाही.
बाही वर करा, सर. दंड सैल सोडा.
मी सोडला. लहान मुलासारखा
दुसरीकडे बघत राहिलो.

सोमवारी चांगुणा आली.
आधी माझा दंड दाबून बघितला, दुखतोय का,
मी आई गं म्हणालो तेव्हा तिची खात्री पटली.
पदर सारून खुर्चीत बसली:
टोच आता. आनि फुडल्या साली परत हाय म्हनतास,
मंग त्या टायमाला फुकट.