पान बारा

माझगावच्या गॅरेजात मला घेऊन गेला
निषाद चौबळ नावाचा मुलगा.
म्हणाला, काका, ताडदेवला एकतीस वर्षं
नोंदणीच्या टेबलावर होतात, तुम्ही फक्त कागद बघा.
गाडी मी पाहिली आहे.

गाडी सगळेच आधी पाहतात.

डुक्कर फियाट, छप्पन्न सालची.
रंग सायीसारखा, बंपर इतका लखलखीत
की माझी कवळी मला त्यात दिसली.
इनायत मिस्त्रीनं बॉनेट उघडलं,
सुनेच्या दागिन्यांचा डबा उघडावा तसं.
सगळं ओरिजिनल, साहेब. एक स्क्रू बाहेरचा नाही.

मी खिशातून लोहचुंबक काढलं,
आमच्या फ्रिजवरचं, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी.
बायकोला न सांगता आणलेलं.
दाराला चिकटलं. छताला चिकटलं.
मागच्या मडगार्डवरून घसरलं
आणि फरशीवर टण्‌कन वाजलं.
तिथं पत्रा नव्हताच, नुसती लांबी,
बोटभर जाड.
मिस्त्री म्हणाला, खारी हवा आहे,
मुंबईत कुणाचा पत्रा टिकलाय?
ते खरंच होतं. मी पुढे सरकलो.

नंबरची पट्टी जुनी, रिबिटा कालच्या.
दाराचं रबर नखानं उचललं तर खाली काळा,
छताच्या पन्हळीत पिवळा.
मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला,
हात स्वच्छ होते तरी.

मग पुस्तक.
निळा पुठ्ठा, कसरीनं कुरतडलेला,
आणि आत माझंच अक्षर.
श्रीमती गुलबानू दारूखानावाला, ग्वालिया टँक,
रंग राखाडी, वापर खाजगी.
निषादचा चेहरा उजळला: म्हणजे खरं आहे?
अक्षर खरं आहे, मी म्हटलं.
पान अकरा. पुढचं पान तेरा.

बाई आठवल्या.
शहाऐंशीचा मे, दुपारी पावणेदोन, खिडकी बंद करायची वेळ.
दोन्ही नंबरप्लेटी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेल्या,
बाजारातून पापलेट आणावं तशा.
गाडी कुर्ल्याला तोडली डीकरा,
आता नाव पन काढून टाक.
मी लाल शाईची बाटली शोधत होतो
आणि त्या टेबलावर प्लेटी सरळ लावत होत्या.

मी पेन दाबून लिहायचो.
हेडक्लार्क म्हणायचे, पोतनीस, टेबल फाडाल एक दिवस.
तेराव्या पानावर मी पेन्सिल आडवी धरली
आणि हलकेच फिरवत गेलो.
करड्या रंगातून पांढरं वर आलं,
आधी र, मग द्द,
मग माझ्या सहीची वाकडी शेपटी.

कुणी काही बोललं नाही.
मिस्त्री टायरवर बसला.
पुस्तक मी अंधेरीत घेतलं साहेब, बॉडी वसईहून आली.
चौदा महिने लागले.
ते चौदा महिने खोटे नव्हते,
त्याच्या नखांत दिसत होते.

निषादनं बयाण्याचं पाकीट परत खिशात घातलं,
पण निघाला नाही. बॉनेटवर हात ठेवून उभा.
मग ही कोण आहे, काका?

मी कागद मागितला. लिहिलं:
बॉडी टॅक्सीची, नंबर ठाऊक नाही.
इंजिन, तपासावं लागेल.
पुस्तक मयत गाडीचं, रस्त्यावर नेऊ नये.
काम, इनायत मिस्त्री.
निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा काही लिहिलं
आणि शिक्का नव्हता.
मिस्त्रीनं कागद दोनदा वाचला,
मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला,
पूर्ण नाव लिहा. इनायतुल्ला करीमबक्ष.
लिहिलं. दाबून.

घरी आल्यावर स्ट्रॉबेरी गुपचूप
दूधवाल्याच्या हिशेबावर लावली.
चहा ठेवता ठेवता बायको थांबली,
चष्मा सारखा करून वाकली,
आणि म्हणाली,
हिचं पान कुठं गेलं?