टोपी काढलेला आकडा

तोर्शहाव्नला त्या सकाळी एवढं धुकं होतं
की बंदरावरचा दिवा म्हणजे कुणीतरी उठवलेली अफवा वाटावी.
रानवाने कॉफी ठेवली, हातमोजे काढले
आणि मशीनला सांगितलं: सगळं ताजं कर.
काळ्या खिडकीत ओळी धावत सुटल्या.
नऊशे बारा पॅकेजं आली.
तिने बोलावलेली त्यात चौदा,
बाकीचे पाहुण्यांचे पाहुणे,
त्यांच्या चपला मोजायची सोय नाही.

काम म्हणाल तर फेरीबोटीचं वेळापत्रक.
सहा बोटी, एक नकाशा,
'वाऱ्यामुळे रद्द' सांगणारी एक लाल पट्टी.
त्यासाठी तारीख वाचणारं एक पॅकेज, तारीख लिहिणारं दुसरं,
आणि एक अगदीच छोटं, अकरा ओळींचं:
दोन बोटी एकाच मिनिटाला निघाल्या
तर यादीत आधी कोण, एवढंच ठरवतं.
लिहिणारा पॅराग्वेतला कुणी ओब्दुलिओ.
तीन वर्षांपूर्वीचा त्याचा शेवटचा निरोप:
वडिलांचं दुकान बघतोय, सवड झाली की बघतो.

दहाला फोन आला.
मार्यून, त्वोरोइरीची तिकीट खिडकी.
"आमच्या बेटाच्या नावाला भोक पडलंय."

सूउरॉय. त्यातलं तिसरं अक्षर, एड,
मान वाकवलेलं, मानेवर आडवी काडी.
पडद्यावर त्या जागी चौकोन.
रिकामा.

"तक्रार कुणाची?"
"हानुसची. परतीचं तिकीट घेईना.
म्हणतो, जे बेट तुम्हाला धड लिहिता येत नाही
तिथे मला परत आणून कसं सोडणार?"

रानवाला हसू आलं, मग आलं नाही.
कारण या अक्षराला उच्चारच नाही.
शाळेत पोरं ते विसरतात, बाई लाल खूण करतात,
तोंडाने बोलताना ते कधीच कुणाच्या वाटेत येत नाही.

फाँट तिनेच कातरला होता,
बोटीवर रेंज अर्धी, फोन जुने,
नव्वद किलोबाइटचा अठरावर आणलेला.
कातरणारं प्लगइन काल रात्री सुधारून आलं.
सोबतच्या चिठ्ठीत, खालून दुसऱ्या ओळीत:
न वापरलेली अक्षरं आता आपोआप वगळू.
त्याने पानं चाळली, रिकामी पानं.
बेटांची नावं सर्व्हरवरून मागाहून येतात,
ती त्याला दिसलीच नाहीत.
त्याच्या लेखी ते बरोबरच होतं.

तिने लॉक फाइल उघडली.
अकरा हजार ओळी, माणसाने वाचू नयेत अशा,
त्यात कालची आवृत्ती शाबूत.
परत आणली, आणि आकड्यापुढची ती टोपी खोडली,
'याच्या वरचं काहीही चालेल' म्हणणारी.
या टोपीने आजवर किती जणांना टोपी घातली, देव जाणे.

आमच्याकडेही असं एक टिंब होतं.
जुन्या छापील पुस्तकांत 'नांव' या शब्दावर बसायचं,
जिभेला त्याचा पत्ता नव्हता, फक्त डोळ्याला.
नियम आला, टिंब गेलं. शब्द हलका झाला.
तेव्हापासून नाव म्हणजे नाव
आणि होडीही नावच.
तेव्हा कुठल्या खिडकीशी
कुणी हानुस अडून बसला होता का, ठाऊक नाही.

बाराला चौकोन गेला, अक्षर आलं.
हानुसने चष्मा पुसून खात्री केली, तिकीट घेतलं.
तोवर धुकं उडून वारा सुटला होता.
दुपारची बोट रद्द. लाल पट्टी चोख चालली.

संध्याकाळी दिवा मालवण्याआधी
रानवाने ओब्दुलिओला दोन ओळी लिहिल्या,
कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.
तुझं अकरा ओळींचं अजून चालतंय.
दुकान कसं आहे?