आणि

बोर्ड एकच. पत्र्याचा, चार बाय सहा.
पहिल्यांदा रंगवला तेव्हा
केरबा व्हनगुत्ते आणि इलाही शिकलगार,
खाली लाल अक्षरांत: दोरीच्या रिंगणातली बिनतोड जोडी.

निपाणीला इलाहीचा गुडघा गेला.
मी टर्पेंटाइन घेऊन बसलो.
त्याच्या जागी भूपाल मगदूम, दोन हंगाम;
मग तो साखर कारखान्यावर वॉचमन लागला,
पगार पक्का, मार नाही.
मग सांगरूळचा एक पोरगा,
नाव वाळायच्या आत पळाला.
त्याच्या अक्षरांचे पैसे अजून येणं आहेत.

यंदा केरबाही उतरला.
मेला न्हाई, दमला.
बोर्डावर आता दोन्ही नावं कालची,
जुना तेवढा मधला 'आणि',
तो खरवडायची पाळीच आली नाही.

परवा खासबागेत, दिव्यांच्या उजेडात
नवा पोरगा खाली दाबलेला,
जोडीदाराकडं हात लांबवत होता,
वीतभर कमी पडत होता.
माझ्या शेजारी शेंगा फोडत बसलेल्या इलाहीनं
न उठता, न बोलता
आपला हात पुढं काढला.

टरफलं सगळी माझ्या विजारीवर.