पिवळी चिठ्ठी

विनिपेगमध्ये, उणे एकतीसच्या रात्री,
दुकान बंद झालं की मी फळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो.
पिवळ्या. वर लाल अक्षरांत: बचत.

टूनाचा डबा महिनाभर दोन एकोणचाळीसला होता.
सोमवारी तीन एकोणतीस केला, मीच.
आज गुरुवार. तीन एकोणतीसवर काट,
खाली जाड ठशात दोन एकोणसाठ.
खोटं काहीच नाही त्यात.
वजाबाकी कुठून सुरू करायची
तेवढं वरून ठरून येतं, छापून,
हजाराच्या गठ्ठ्यात.

पगाराच्या दिवशी मीही टोपली घेऊन इथे उभा असतो
आणि माझा हात
पिवळ्याकडेच जातो.

सकाळी ओरिसियाबाई येतात.
बूट आपटून बर्फ झाडतात,
हातमोजा दातांनी ओढून काढतात,
आणि नखाने चिठ्ठीचा कोपरा उचलतात
हलकेच,
पोराच्या गुडघ्यावरची पट्टी उचलून बघावी तसा,
जखम भरली का.
खाली सोमवारची. तिच्याखाली नोव्हेंबरची.

‘दोन एकोणचाळीस,’ त्या म्हणतात, कुणालाच नाही.
मग माझ्या छातीवरचं नाव वाचतात, रोज वाचतात तसं:
‘रोडेल. तू लावलीस?’
हो, मी म्हणतो.
‘सरळ लावलीस.’

तीन डबे घेतात. एक मांजराला, म्हणतात.
बाकीच्या दोनांचं मी विचारत नाही.
जाताना कोपरा परत बसवतात,
अंगठ्याने दाबून,
दोनदा.