वर एक

फोन आला तेव्हा मी
पौड फाट्याच्या सिग्नलला, स्कूटरवर,
हेल्मेटमध्ये मोबाइल खुपसून.
लॅबच्या नाझनीन मॅडम सावकाश बोलतात:
चार गर्भ होते ना,
पाचव्या दिवशी पेशी काढल्या त्यांच्या.
दोघांत सोळावं गुणसूत्र
दोनाऐवजी तीन.
तिसऱ्यात बाविसावं, तेही तीन.
चौथा मिश्र. काही पेशी बरोबर, काही नाहीत.
"तुमचं काही चुकलं नाही हं."

आमच्याकडे आहेराच्या पाकिटावर
एक रुपया वर चिकटवतात,
शुभ म्हणून.
कोथरूडच्या मंडईत हौसाबाई
मोजून झाल्यावर एक लिंबू वर टाकतात.
त्या वरच्या एकाला
मी कधी नको म्हटलं नाही.

मागून हॉर्न.
डिकीत लिंबं घरंगळतायत,
मागितली चार होती.

चौथ्याचं
शुक्रवारपर्यंत कळवायचंय.